दाखल्यावरची दोन वर्षं

प्रिय अंजू,

फोन आबांच्या खिशात, म्हणून हे पत्र अंगणवाडीच्या छबुबाईंच्या नावानं धाडतेय. तिथंच वाच अन् तिथंच चुलीत टाक.

टँकर आठ दिवसांनी येतो म्हणे? इथं पंजाबात पाट भरून वाहतात, बघून लई राग येतो. सीमेच्या तारेला फाटक हाय, तिथं माझा पहारा. तारेपलीकडं आपापल्या शेतात जाणाऱ्या इथल्याच बायांची झडती घ्यायची. एखादीचा विळा हातात आला की मायचा कोयता आठवतो. दवाखान्यात मायची गर्भाची पिशवी काढली तेव्हा ती पुरती तिशीचीही नव्हती, अन् पंधराव्या दिवशी डोक्यावर उसाची मोळी. मलाही तशाच घरी देणार होते. मी भरतीला पळाले, तर आबांनी माझ्या नावानं आंघोळ केली! ट्रेनिंगमध्ये पायाची नखं गळाली, रडले, पण परत फिरले न्हाई. कारखान्यावर नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. इथं हजेरीत मी एकटीच पुरी मोजली जाते.

परवा छबुबाईंनी कळवलं. वडवणीचं स्थळ, दसऱ्याला लग्न, अन् लगेच टोळीबरोबर कारखान्याला. त्याला कोयता पुरा करायचाय, दुसरं काय! माझ्या जागी तू. सोळाची पोर! मी ग्रामसेवकांना फोन केला, लग्न अडवा म्हटलं. त्यांनी शाळेचा दाखला काढला. दाखल्यावर तुला अठरा पूर्ण.

अंजे, ते अठरा मी केलेत गं. तू चार वर्षांची होतीस. माय-आबा ऊसतोडीला निघाले होते. शाळेत नाव असलेली लेकरं आत्याकडं राहायची, बाकीची फडावर जायची. मी तुला कडेवर घेऊन गुरुजींपुढं उभी राहिले अन् बेधडक सहा सांगितली. थंडीत तू फडात झोपू नये म्हणून. आता त्याच तारखेनं तुला त्याच फडात धाडतायत. रायफल खांद्यावर असून काही करता येईना, जीव नुसता जळतो.

मी सुट्टी काढलीय. घट बसायच्या आदल्या रविवारी बाजाराला म्हणून घरातून निघ. छबुबाई तुला पाटोद्याहून नगरच्या गाडीत बसवतील. नगरच्या स्टँडवर मी वर्दीतच उभी असेन. शाळा, भरती, पुढचं पुढं बघू. मला शिव्या द्यायच्यात ना? समोर येऊन दे.

तुझीच,
शिवकन्या अक्का