धुऱ्याची ओळ

लिहून ठेवणार: भागीरथा किसनराव गावंडे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती व पूर्वी कापूस वेचणीच्या टोळीची मुकादमी, राहणार मौजे बोरखडी खुर्द, तालुका नेर, जिल्हा यवतमाळ.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे की, माझे डोके ठिकाणावर आहे. मोतीबिंदू काढल्यापासून सुईत दोरा एका खेपेत जातो. मला कोणी धाक दाखवलेला नाही. गावात धाक असलाच तर तो माझा आहे. मी जुनी सातवी पास आहे आणि हा कागद माझ्याच अक्षरात लिहीत आहे.

स्वतः लिहिण्याला कारण आहे. माझा मुलगा शाम, हल्ली मुक्काम लोहारा, तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर, दिवाळीला आला तो मोबाइलकडून माझे मृत्युपत्र लिहून घेऊनच आला. मोबाइलला सांगितले की तो चहा निवायच्या आत लिहून देतो म्हणे. मी वाचले. भाषा माझ्याहून शुद्ध होती. पण त्यात मी 'अश्रूभरल्या नयनांनी' निरोप घेत होते, चुलत दीर पंजाबराव मला 'पितृतुल्य' होते, आणि सर्व हक्क 'लाडक्या चिरंजिवास' गेले होते. पंजाबराव माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान आहेत. मी शामला म्हटले की यात मोबाइलचा दोष नाही, तू जे मनात धरून विचारलेस तेच त्याने लिहिले. यंत्राला आपण काय शिकवतो ते आपल्याला कळतेच असे नाही, आणि ते कसे हे पुढे येणारच आहे.

घर आणि शेत देऊन टाकणे सोपे आहे. हा कागद मुख्यतः एका ओळीसाठी आहे. कापसाच्या शेतात धुऱ्यालगत, म्हणजे बांधाशेजारी, जी शेवटची ओळ असते ती. वेचणीचे यंत्र त्या ओळीतल्या प्रत्येक झाडावर दोन-तीन बोंडे मुद्दाम ठेवते, आणि ज्यांना रोजाने जाणे जमत नाही अशा बायका मागून येऊन तो सरवा वेचून नेतात. यंत्राने ही ओळ ठेवायची की नाही, हे ठरवायचा हक्क कंपनीच्या करारात माझ्या नावे आहे. मी कोणाचे नाव न लिहिता गेले तर हक्क माझ्याबरोबर सरणावर जाईल आणि ओळ बंद होईल, असे कंपनीचे पत्र ऑगस्टमध्ये आले. म्हणून ही घाई.

कलम पहिले. गावातले राहते घर, परसातल्या लिंबासह, मुलगा शाम याला. अट एकच, पुढच्या ओट्याला जाळी किंवा शटर लावायचे नाही. त्या ओट्यावर आमची टोळी तीस वर्षे बसली आहे. शाम रोज सकाळी सातला फोन करतो आणि माझ्या गोळ्या विचारतो, असा मुलगा सगळ्यांना मिळत नाही. त्याची खोड एवढीच की जो शेवटी बोलेल तो त्याला बरोबर वाटतो. कंपनीच्या मॅनेजरने त्याला हॉटेलात नेऊन समजावले की आईचा हक्क एकरकमी सोडून द्या. शामला ते पटले. म्हणून तो हक्क शामला नाही.

कलम दुसरे. तीन एकर शेत आणि विहिरीतला माझा हिस्सा नात अपेक्षा हिला. ती आयटीआय शिकली आणि दोन यंत्रे चालवते. धुऱ्यावर छत्री रोवून बसते, फोनवर बोट फिरवते, आणि पऱ्हाटीतून, म्हणजे कापसाच्या झाडांतून, यंत्र चालत जाते. मुकादम बसून असतो का, म्हणून मी पहिल्यांदा तिला झापले होते. ते शब्द मी इथे मागे घेते. मला तिच्या वयात अशी छत्री मिळाली असती तर माझे गुडघे आज शाबूत असते.

कलम तिसरे, पंजाबरावांविषयी. त्यांना काही द्यायचे आहे, पण आधी झाले ते लिहिते.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीचा कपिल नावाचा इंजिनिअर गावात आला. कापूस वेचणारे यंत्र करायचे होते आणि त्याला शिकवायला हात हवे होते. आमच्या टोळीत तेव्हा अकरा बायका. कपाळावर कॅमेरा, हातात तारांचे पातळ मोजे, असे दोन हंगाम आम्ही वेचले. कोणते बोंड पुरते फुटले, तीन बोटांनी कसे धरले म्हणजे पालापाचोळा सोबत येत नाही, किडकी कवडी, म्हणजे खराब झालेला कापूस, कशी वेगळी ठेवायची, सारे त्या यंत्राने आमच्या बोटांवरून घेतले. बायकांनी त्याचे नाव सवत ठेवले. आपल्याच हाताने सवत घरात आणून राह्यलो, असे टोळीतली नंदाबाई तेव्हा म्हणाली. तरी आम्ही हो म्हटले. तरण्या पोरी वेचणीला यायला तयार नव्हत्या, आमच्या कमरा गेल्या होत्या, आणि आम्ही नाही म्हटले असते तर यंत्र दुसऱ्या गावच्या बायकांकडून शिकले असते.

गेल्या साली ते पंजाबरावांच्या शेतात पहिल्यांदा एकटे सोडले. त्यांच्या घरच्यांनी पाच झाडांना सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची दहीभाताची पूजा, केले, थोडा दहीभात यंत्राच्या चाकालाही लावला. नेरहून लोक आले होते. यंत्र असे वेचत गेले की मला दुसरीकडे पाहवेना. वळायची ढब माझी, बोंड वेचताना मनगट मुरडायची लकब आमच्या टोळीची. कापूस इतका साफ की जिनिंगवाला मुठीत घेऊन बघतच राहिला. आणि शेवटच्या ओळीत, धुऱ्यालगत, प्रत्येक झाडावर दोन-तीन बोंडे तशीच.

पंजाबरावांनी तिथेच आवाज चढवला की यंत्र आंधळे आहे. कपिलने पुन्हा चालवले. पुन्हा तेच. दुसऱ्या शेतात नेले, तिथेही तेच. आठ दिवस तो लॅपटॉप घेऊन धुऱ्यावर बसून होता, कॅमेरे बदलले, जेवणावरून त्याचे मन उडाले. नवव्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन म्हणाला, "आजी, बिघाड सापडत नाहीये."

मी हसू आवरून म्हटले, "बिघाड नाही बाबू. तिले आमीच शिकवलं ते."

खरे म्हणजे मलाही ते त्याच क्षणी कळले. धुऱ्याची ओळ पुरी झाडायची नाही, हा आमच्या टोळीचा नेम. कॅमेरा लावलेल्या दिवसांत कोणी कोणाला त्याची आठवण करून दिली नाही. हातांना सवय होती, हातांनी केले, आणि यंत्राने त्यालाच वेचणी समजून घेतले. आमच्या एवढ्या वर्षांच्या कामातली जी गोष्ट आम्ही कोणाला कधी बोलून दाखवली नाही, तीच त्याने सगळ्यांत पक्की धरली.

कंपनीला ते पुसायचे होते. पण यंत्र विकायला आम्हा अकरा जणींच्या सह्या लागत होत्या, कारण त्यात हात आमचे. चार पानांचा कागद आला. असा कागद कोणी वाचत नाही, असे मॅनेजर बोलून गेला. मी चारही पाने वाचली, दोनदा, आणि सांगितले की यात एक वाक्य वाढवा: धुऱ्याची ओळ राहील, आणि भागीरथाबाई अगर त्या ज्याचे नाव लिहून ठेवतील त्याची स्वहस्ते सही असल्याशिवाय ती बंद होणार नाही. मॅनेजर तीन वेळा गाडी घेऊन आला. पहिल्या दोन वेळा त्याला चहा मिळाला नाही. अकरा जणींपैकी एकीनेही पेन किंवा शाईचा पॅड हातात घेतला नाही. तिसऱ्या वेळी तो ते वाक्य छापूनच घेऊन आला. मग चहाही झाला आणि सोबत चिवडाही.

आज नेरपासून ढाणकीपर्यंत सव्वीस यंत्रे फिरत आहेत आणि सव्वीसही धुऱ्याची ओळ ठेवतात. पुण्यात घडलेली यंत्रे, पण बोटे बोरखडीची. मला याचा किती गर्व आहे ते लिहायला लाज वाटत नाही. वेचणीची मजुरी कमी झाली हेही खरे आहे, आणि एका ओळीने पोटाचा प्रश्न सुटत नाही हे मला कळते. टोळीतल्या पाच जणी आता दुसऱ्या गावी यंत्रांना शिकवायला जातात, बाकीच्यांना तेवढे काम नाही. म्हणूनच त्या ओळीचा हक्क सोडायचा नाही.

पंजाबराव अजून म्हणतात की भागीरथाबाईचे यंत्र चोर आहे. तर पंजाबरावांस माझी कमरेला बांधायची वेचणीची झोळी देते. एक दिवस ती बांधून, वाकून, त्यांनी फक्त धुऱ्याची ओळ स्वतः वेचावी. संध्याकाळी पाठ सरळ झाली तर झोळी परत केली तरी चालेल.

कलम चौथे. हे लिहायला मला तीन दिवस लागले. मधल्या वेळात मी सगळे डबे घासून काढले.

हा नेम माझा नाही.

यंत्रावर कंपनीने 'भागीरथा ओळ' असे चिकटवले आहे. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, शाळेत सत्कार झाला, शाल मिळाली. मी कोणालाच काही बोलले नाही. खरे असे आहे की १९८७ साली मी टोळीची मुकादम असताना नंदाबाई, वय वर्षे वीस, नवीन लग्न झालेली, माझ्या टोळीत होती. पंजाबरावांच्या वडिलांचे शेत होते. वेचून झाल्यावर मी पाहिले तर तिच्या वाट्याच्या धुऱ्याच्या ओळीत प्रत्येक झाडावर दोन-तीन बोंडे राहिलेली. तिची सासू डोळ्यांनी अधू होती, रोजाने कोणी नेत नव्हते, ती मागून चाचपत सरवा वेचायची. मी साऱ्या बायकांसमोर नंदाला चोर म्हटले आणि टोळीतून काढले. ती रडली नाही. म्हणाली, "चोरी घरी नेतेत, बाई. मी त झाडावरच ठेवलं."

१९९१ साली माझे यजमान किसनराव वारले. त्याच हंगामात माझे उजवे मनगट मोडले. डाव्या हाताने वेचणाऱ्या बाईला कोणती टोळी घेणार? शाम नऊ वर्षांचा होता. मी मुकादम, मी सरवा वेचायला भर दुपारी जायची, शेतात कोणी नसताना, पदर तोंडावर ओढून. पहिल्याच शेतात धुऱ्याची ओळ पांढरीशुभ्र दिसली. दोन-तीन नव्हे, सात-आठ बोंडे एकेका झाडावर. ते शेत नंदाच्या नव्या टोळीने वेचले होते. पुढच्या शेतातही तसेच. ती मला कुठे दिसली नाही आणि काही बोलली नाही, पण त्या हंगामात ज्या ज्या शेतात मी गेले त्या त्या शेतात ओळ भरलेली होती.

शामने हे नीट वाचावे. तू जी ओळ विकायला निघाला होतास, तिच्यावर तू एक हंगाम जेवला आहेस.

हात बरा झाल्यावर मी नंदाच्या दारी गेले आणि एवढेच म्हटले की उद्यापासून ये. ती आली. ओळ ठेवायचा नेम मी टोळीला माझा म्हणून सांगितला. तिने एकदाही मला खोडले नाही. माफी मागायचे माझ्याच्याने आजवर झाले नाही, म्हणून ती या कागदावर मागते. नंदाबाई, तू चोर नव्हतीस. मी चुकले, आणि चूक कळल्यावरही चौतीस वर्षे गप्प बसले, ही त्याहून मोठी चूक.

कलम पाचवे. म्हणून धुऱ्याच्या ओळीचा हक्क, करारातल्या त्या वाक्यासह, माझ्या पश्चात नंदाबाईला, आणि तिच्या पश्चात अपेक्षाला देते. यंत्रांवर जिथे माझे नाव आहे तिथे यापुढे नंदाबाईचे नाव लागावे. कपिलला मी फोनवर सांगितले आहे. ते दोन दिवसांचे काम आहे म्हणाला.

सत्काराची शालही तिला. ती अजून पिशवीतून काढलेली नाही.

हे मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिले. याआधीचे माझे मृत्युपत्र कोणी दाखवले, विशेषतः मोबाइलने लिहिलेले, तर ते खोटे समजावे.

सही: भागीरथा किसनराव गावंडे

साक्षीदार:
१. धर्मपाल, निवृत्त पोस्टमन, बोरखडी खुर्द. सही
२. दीपा, अंगणवाडी सेविका, बोरखडी खुर्द. सही

ठिकाण: बोरखडी खुर्द
दिनांक: ८ डिसेंबर २०२५

ता. क., त्याच दिवशी दुपारी, त्याच साक्षीदारांसमोर.

नंदाबाई सकाळपासून ओट्यावर रुसून बसली होती की साक्षीला साऱ्या गावाला बोलावले, मलेच काहून नाही. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये, असे नेरच्या वकीलबाईंनी सांगितले होते, पण ते कारण दिले असते तर गुपितच फुटले असते. मी मेल्यावर तिला कळेल असे आधी योजले होते. पण मेल्यावर माफी मागणे म्हणजे पळून जाणे झाले. म्हणून तिला आत बोलावले आणि कलम चौथे व पाचवे मोठ्याने वाचून दाखवले.

तिने माझ्या हाताकडे पाहिले, ज्या मनगटाला अजून गाठ आहे त्याच्याकडे. मग म्हणाली, "आता लवकर मरू नका, बाई. मले सही येत नाही."

खरेच आहे. ती आजवर अंगठाच लावते. आणि करारात 'स्वहस्ते सही' हे शब्द मीच हट्टाने घातले होते, कोणी फसवून अंगठा घेऊ नये म्हणून. सबब यापुढे रोज दुपारी दोन ते तीन या वेळात नंदाबाई माझ्याकडे सही शिकेल आणि ती पक्की होईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येणार नाही, याची जबाबदारी मी स्वतः घेते. पाटी अपेक्षाने आणून दिली आहे. आज पहिला धडा झाला. तिचा हात धरून 'नं' काढला, आणि दुसरा तिने माझा हात बाजूला सारून एकटीने काढला.