नाताळच्या गाण्यांतून काढलेला पाळणा

अहो,

"रिकामा पाळणा हलवू नये गं, पोरींनो," असं माझी आई चर्चच्या क्वायरच्या प्रॅक्टिसला सांगायची. तिचा तो आवाज सकाळपासून कानात आहे. नाताळाआधीच्या, आगमनकाळाच्या रविवारांना ती नुसती वाट पाहण्याची गाणी घ्यायची. प्रभुजन्माचा पाळणा नाताळच्या आदल्या रात्रीच व्हायचा.

आता गाणी तुम्ही निवडता, आणि यंदा तो त्या रात्रीही ठेवला नाहीत. काल डांगे चौकात भाजी घेताना एस्तेरमावशी म्हणाली, "पाळणाच नाही, मग नाताळ कशाचा? नुसत्या केकचा? तुझा नवरा म्हणे, सूर फार वर जातो! इतकी वर्षं जात नव्हता तो?"

सूर वर जात नाही, मला कळतं. आपलं बाळ गेलं, म्हणून माझ्यासाठी तुम्ही तो काढलात.

मी प्रॅक्टिसला पुढे जातेय. पाळणा परत घ्यायला सांगते, पहिलं कडवं मीच म्हणेन. शिफ्टवरून आलात की जेवून या. भाकरी फडक्यात आहे, आमटी तेवढी गरम करा.

पेटीवर बसण्याआधी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. समोर बसून मला ती सांगता येत नाही. तुम्ही चाकणहून दवाखान्यात पोचलात तेव्हा सगळं संपलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "रडला का गं?" त्याचं रडणं ऐकायचं राहिलं, हा चटका तुम्हाला नको, म्हणून मी नाही म्हणाले.

रडला होता, अहो. एकदाच, कोकरासारखा बारीक. मी ऐकलं त्याला.

रूथ