सातव्या वळणावरची खुर्ची

प्रिय भिंगरी,

तू पाठवलेला चषकाचा फोटो आईने फ्रिजच्या दारावर चिकटवलाय. दूध काढायला गेलो की तू दात काढून हसत असतेस. मी हल्ली त्याच्याकडे न बघता दूध काढतो. का, ते सांगतो, पण माझ्या चालीने. तीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसाला आधी चार नट सोडवल्याशिवाय मुद्द्यावर येता येत नाही.

मी सर्किटवर मेकॅनिक होतो तेव्हा शर्यतीच्या दिवशी तुला सातव्या वळणाच्या स्टँडवर बसवायचो. तुझ्या कानात कापसाचे बोळे, मांडीवर डबा. इंजिनांच्या आवाजाने डब्याचं झाकण थरथरायचं आणि तू खिदळायचीस. पुढे तू आपली खटारा व्हॅन चालवायला शिकलीस, तेव्हा घराकडच्या उतारावर माझा एकच घोशा असायचा, की वळण दिसलं की पाय उचल, गाडीला तिच्या ओघाने जाऊ दे, पेट्रोल काय झाडाला लागतं? तू वैतागायचीस, पण पाय उचलायचीस.

या वेळी मी त्याच जागेवर बसलो. तुमच्या विजेच्या गाड्या आल्या आणि नुसत्या सूं करून गेल्या. म्हटलं, यापेक्षा आईचं शिलाई मशीन बरं. तू पाचवी होतीस. प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी पाय उचलत होतीस, ते मला गाडीच्या चालीवरून कळत होतं. जीव तीळतीळ तुटत होता. पोरगी घाबरली, हिच्यात दम नाही, असं मनात आलं. तू पेट्रोलच्या गाड्या सोडल्यास त्याचा राग पोटात होताच, तोही वर आला.

दोन फेऱ्या उरल्या असताना मी उठलो. पार्किंगमध्ये किल्ली चाचपत होतो, तेवढ्यात भोंग्यावर तुझं नाव. पुढच्या चौघांची बॅटरी संपत आली होती आणि तू वाचवलेली सगळी वीज शेवटी ओतलीस. मी या गुडघ्यांनी धावत सुटलो. हातावर शिक्का नाही म्हणून गेटवरच्या माणसाने आत सोडलं नाही. ज्या सर्किटवर माझा जन्म गेला, तिथे! पण त्याची काय चूक? निघताना शिक्का मीच मारून घेतला नव्हता. परत यायचंच नव्हतं ना मला.

आईला हे सगळं ठाऊक आहे. 

परवा फोनवर तू विचारलंस, जिंकल्यावरच्या सावकाश फेरीत सातव्या वळणावर हात केला, तो दिसला का? मी म्हणालो, दिसला. नाही गं बाळा, नाही दिसला. तू रिकाम्या खुर्चीला हात केलास. माझीच शिकवण माझ्यासमोर धावत होती, आणि मला मेल्याला ती ओळखू आली नाही. पुढच्या शर्यतीचं तिकीट काढलंय, जागा तीच. शेवटची गाडी आत जाईपर्यंत उठणार नाही. जिंक नाहीतर हर, पण त्या वळणावर पुन्हा एकदा हात कर.

तुझाच, अर्धवट शर्यत पाहिलेला,
बाबा