तळहातावर की मनगटावर

आये, माझा उजवा हात आता तुझ्यासारखाच बधिर होतो. अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं. पहाटे मुंग्यांनी जाग येते आणि मी हात झटकत बसते, तू चुलीपाशी झटकायचीस तशी. तू म्हणायचीस, "काजीचा तेल मुरला गो हातात, दुसरा काय नाय." काजूच्या कारखान्यातल्या सगळ्याच बायका तसं म्हणत, बोटांना राख चोळत, खोबरेल लावत. सालीच्या तेलाने कातडं जळायचं ते खरंच होतं, म्हणून मनगटाकडे कोणी पाहिलंच नाही. दुखणं मनगटात होतं. तिथे एका जाड पट्ट्याखालून शीर जाते आणि ती दाबली जाते. काजू कापायच्या यंत्राचा दांडा वर्षानुवर्षं दाबून माझीही दाबली गेली.

पट्टा कापून शीर मोकळी करतात. त्याच्या दोन रीती आहेत. एकीत तळहात उघडतात, डॉक्टरला शीर समोर दिसते; पण जखम नेमकी दांडा टेकतो तिथे, आणि काही महिने दुखते. दुसरीत मनगटावर लहानसा छेद घेऊन दुर्बीण घालतात. हात लवकर कामाला लागतो, पण शिरेला धक्का लागायची भीती थोडी जास्त, आणि त्यासाठी गोव्याला जावं लागेल. वर्षभराने पाहिलं तर दोन्ही रीतींनी केलेले हात सारखेच. तुझे जावई गेल्यापासून मला वाचनाची सवय लागली आहे, त्यामुळे हे सगळं मी सावंतवाडीच्या डॉक्टरकडे आधीच वाचून गेले होते. लेक म्हणाली, "मोबाईल वाचून डाक्टर झालंस तू. गोव्याक जाऊया, मी रजा काढतंय."

मी सावंतवाडीला तळहात उघडूनच करणार आहे. जे कापायचं ते कापणाऱ्याला दिसावं. दांडा पावसाळाभर बंद ठेवीन, एकटीचं पोट बाकीच्या महिन्यांच्या कमाईत भागतं. डॉक्टर म्हणाले, "फक्त हात बधिर करू, पूर्ण भूल नाही." मी म्हटलं, "ता काम आधीच झाला आसा." ते हसले.

त्यांनी माझा अंगठा दाबून पाहिला. मांस अजून शाबूत आहे म्हणाले. तुझं पार बसलं होतं. कप हातातून सुटायचा. शेवटी तू डाव्या हाताने जेवायचीस आणि कोणी बघू नये म्हणून ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचीस. निघताना मी विचारलं, "वेळेत केलं असतं तर माझ्या आईचा हात वाचला असता?" ते म्हणाले, "बहुतेक वाचला असता. फार मोठं ऑपरेशन नाही हे."

बाहेर येऊन लेकीला सांगितलं, डॉक्टरांनी धीर दिला. धीर कसला, आये. भल्या माणसाने खरं तेच सांगितलं, आणि मला त्याचा राग आला. अजून गेलेला नाही.