बगत बसायचं काम

आबा, काल लाडवांचा पाक बिघडला. तुमच्या सुनेनं हाक मारली, "बघता का जरा?" मी बोट बुडवलं, पोळलो, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. एकतारी की दोनतारी, देव जाणे! लाडू दगडासारखे झाले. आपल्या घरात तुमची दोन बोटं लागल्याशिवाय लाडू कधी वळलेच नाहीत. आई चुलीपासून ओरडायची, "आवं, बगा की!" तुम्ही थेंब चिमटीत धरून बोटं उघडायचात, "उतर आता" म्हणायचात, की झालं. मी शेजारी बसून हे बघत आलोय. म्हणून पुढचं सगळं जास्त लागतं.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. साताऱ्याच्या एका सल्लागार कचेरीत मी नुकताच लागलो होतो. कारखान्यातली कामं तपासायची, प्रत्येक कामाला ज्ञान, जबाबदारी, कष्ट यांचे गुण द्यायचे. गुणांवर श्रेणी, श्रेणीवर पगार. आमचे साहेब म्हणाले, "तुमच्या सांगलीकडचा तो साखर कारखाना तू कर, तिथली माणसं तुझ्याशी मोकळं बोलतील." यादीत पॅनमन म्हणून, उसाचा रस आटवायच्या पॅनवर, तुम्ही होतात. पॅनमनचा हा एक कागद दुसऱ्या कुणाला द्या, असं तिथंच म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. मिरवायचं होतं ना मला!

टाइम ऑफिसात तुम्ही टोपी सारखी करत आलात आणि चारचौघांत मला "सायेब" म्हणालात. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. मी विचारलं, कामात नेमकं काय करता?

"काय न्हाई वो. पॅनमधी रस उकळतो, मी बगतो. दाणा जमला की सोडायचा."

"आणखी?"

"आणखी काय? नुसतं बगत बसायचं."

आपल्याकडं स्वतःच्या हाताची तारीफ कुणी करत नाही. केली की लोक म्हणतात, लय शाना झालाय. हे मला माहीत नव्हतं का? बाकीच्या दोन्ही पॅनमननी तेच सांगितलं. उलट टपाल बघणाऱ्या क्लार्कनं स्वतःच्या कामाची दोन पानं भरून दिली. मी सगळ्यांचं जसंच्या तसं उतरवलं. तुमच्यापुढं लिहिलं, 'उकळणीवर देखरेख. शिक्षण सातवी.' ज्ञानाचे गुण कमी दिले. जास्त दिले असते तर सगळा कारखाना म्हणाला असता, आपला तो बाब्या. तिन्ही पॅनमन 'कुशल'वरून 'अर्धकुशल'वर घसरले आणि क्लार्क तुमच्या वर जाऊन बसला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथं विकायला बसलेला मीच होतो.

महिनाभरात माझ्याकडंच हरकत घेता येत होती, फक्त तिघांच्याही सह्या हव्यात. तुमचे दोघे जोडीदार अर्ज घेऊन घरी आले. आईनं मला नंतर सांगितलं, तुम्ही तो वाचलाही नाहीत. म्हणालात, "पोराचं पयलंच काम हाय. त्येला खोटं पाडू व्हय मी?" त्यातले एक काका रिटायर होईपर्यंत तुमच्याशी बोलले नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. तुमची एक सही नाही म्हणून त्यांचा दर्जा गेला होता.

त्या दिवाळीला मी घरी आलो. स्वयंपाकघरात तुम्ही पाक बघत होतात. मान वर न करता म्हणालात, "एक डाव तरी पॅनवर येऊन बगायचं हुतंस रं." एवढंच. आवाज चढवला नाहीत. चढवायला हवा होता, आबा, चार शिव्या द्यायला हव्या होत्या. मी चहा पीत राहिलो.

आई होती तोवर तिला सांगत आलो, "आबांनी सही केली असती तर मी लगेच दुरुस्त केलं असतं." तीही "व्हय रं बाबा" म्हणायची. आता तुम्हीही नाही, हे पत्र तर कुठंच जायचं नाही, मग इथं तरी खरं लिहितो. अर्ज येणार हे मला आधीच कळलं होतं. त्याचं उत्तर मी टाइप करून फायलीत ठेवलं होतं, 'हरकत अमान्य'. तुम्ही माझ्यासाठी सही केली नाहीत; मी त्या उत्तराखाली करून ठेवली होती.