चाल बघायला आलेली माणसं

मुलुंड (पूर्व),
सोमवार

प्रिय शकु,

शाळेच्या लांब व्हरांड्यात सिस्टर आपल्या डोक्यावर ॲटलास ठेवून आपल्याला चालायला लावायच्या, आठवतं ना? पुढे तू, मागे मी. तू अशी चालायचीस की तुझ्या डोक्यावरचा हिंदी महासागर जरासुद्धा हलायचा नाही, आणि माझा ॲटलास पाण्याच्या टाकीपाशी पोचायच्या आत धाडकन खाली. मधल्या सुट्टीत तू मला तुझ्या डब्यातली घावनं भरवायचीस आणि म्हणायचीस, “खाली काय बघतेस गं? समोर बघ.” त्या घावनांची चव मला अजून आठवते.

माझा जयभीम आणि तुझा नमस्कार, दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. तुझा दमा कसा आहे? वाफ घेतेस की नुसती सुनेला घेते म्हणून सांगतेस? तुझा लेक हरेश्वर बरा आहे ना? (बर्फाचा कारखाना चालवणाऱ्या माणसाचं डोकं इतकं तापतं कसं, हे मला कधी कळलेलं नाही.) मी आणि धम्मपाल, आम्ही दोघं बरी आहोत. तुझी नात हेमांगी माझ्याकडे सुखात आहे, पोळ्या लाटताना पायातल्या स्नायूंची नावं घोकते आणि आमच्या पोळ्यांनाही साधारण तोच आकार येतो.

काल फोनवर तू “कांजूरमार्गच्या माणसांना काय केलंत तुम्ही?” एवढं ओरडलीस आणि मला बोलूच दिलं नाहीस. म्हणून लिहिते. लिहिलेलं मधेच तोडता येत नाही.

हेमांगीला चौथं वर्ष करायचं आहे आणि हरेश्वर म्हणतो की पळण्याच्या-उड्या मारण्याच्या डिग्रीला तीन वर्षं पुष्कळ झाली, आता घरी ये. तू काय म्हणतेस ते तू अजून सांगितलेलं नाहीस, आणि पोर त्याचीच वाट बघते आहे. शकु, ही पळण्याची डिग्री नाही गं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. (धम्मपालांनी तर सोसायटीत सांगून ठेवलं होतं की मुलगी पीटी टीचर होणार.) माणूस उठतो कसा, वाकतो कसा, त्याचा तोल कुठे जातो, खेळाडूचा गुडघा का दुखावतो आणि म्हाताऱ्याचा का, असं सगळं ती शिकते. एकदा ती मला म्हणाली, “आजी, चालणं म्हणजे दर पावलाला पडणं आणि दर पावलाला सावरणं.” तेव्हापासून मी भाजी आणायला जाते तीसुद्धा जरा अभिमानाने जाते. धम्मपालांच्या चपलेची झिजलेली टाच बघून तिने त्यांना विचारलं, “आजोबा, उजवा घोटा कधी मुरगळला होता?” मुरगळला होता, आमच्या लग्नाच्या वरातीत. मला इतक्या वर्षांत बोलले नव्हते!

तर तिला या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी पन्नाशीच्या पुढची माणसं हवी होती, त्यांची चाल तपासायला. आमच्या सोसायटीतली माणसं जिन्यातच निसटायची. मागे मी तुला फोनवर म्हटलं होतं, शकु, तुझी मुंबईत एवढी ओळख, चार माणसं पाठव. आणि मग गेल्या बुधवारी तुझा मेसेज आला: “रविवारी पाचला कांजूरमार्गची माणसं येतील. हेमूला तयार ठेव. चाल-बिल सगळं नीट बघून होऊ दे.” मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! हेमांगीला वाचून दाखवला. ती फोन छातीशी धरून म्हणाली, “शकुआजीला माझा विषय कळला!” आता तूच सांग, यात आमचं काय चुकलं? स्थळ हा शब्द तू कुठे लिहिला होतास?

रविवारी हेमांगीने सोसायटीचा हॉल झाडून घेतला, जमिनीवर पांढऱ्या कागदाची लांबच लांब पट्टी अंथरली आणि परातीत लाल पोस्टर कलर कालवला. दारावर कागद लावला: “चाल तपासणी. चपला बाहेर काढाव्यात.” पाचच्या ठोक्याला माणसं हजर. मुलगा कृणाल, त्याचे आईवडील आणि मामा. आई पैठणीत. मी मनात म्हटलं, प्रोजेक्टला पैठणी म्हणजे कांजूरमार्गला शिक्षणाची कदर आहे. मामांनी खुर्चीवर बसून पंख्याकडे बघत घसा साफ केला आणि म्हणाले, “बाळ, जरा चालून दाखव.”

“मी शेवटी. आधी तुम्ही, मामा,” हेमांगी म्हणाली. “पँट गुडघ्यापर्यंत दुमडा.”

मामांनी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. वडील हळूच म्हणाले, “यांच्यात मुलाकडच्यांचीही बघत असतील.” आणि शकु, त्यांनी दुमडल्या की गं पँटी! गुडघ्याला, घोट्याला हिरव्या गोल टिकल्या चिकटवून घेतल्या, लाल रंगात पाय बुडवले आणि दोन्ही पुरुष त्या कागदावरून गंभीर तोंडाने चालत गेले. हेमांगी फोनवर चित्रण करत बाजूने रांगत होती. “मामा, पोट आत घेऊ नका, नेहमीसारखं चाला.” मामा म्हणाले, “नेहमीसारखं बघणार असाल तर आधी सांगायचं ना यार!” कृणाल पन्नाशीत बसत नव्हता, पण बिचारा रिकामा उभा होता म्हणून तिने त्याला डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं. तो सरळ धम्मपालांच्या मांडीवर येऊन बसला. (धम्मपाल म्हणतात, मुलगा वजनाला चांगला आहे.)

मग आईची पाळी. त्या पैठणी वर धरून परातीशी थबकल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, “अहो, हे आमच्यात लग्न झाल्यावर असतं, आणि सुनेचं असतं.” मी म्हटलं, शास्त्र पुढे गेलंय. (मला वाटलं विनोद करताहेत.) लाल पावलं उमटवत त्या निघाल्या. हेमांगी आधी हसत होती, मग कागदावर वाकून ठसे बघायला लागली. तिने त्यांना परत एकदा चालायला लावलं, खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बसून त्यांचे पाय पुसले आणि विचारलं, “काकू, डाव्या बाजूला कंबर खचते. कधीपासून दुखतं?”

बाईंनी पैठणीच्या निऱ्या सारख्या केल्या. मग म्हणाल्या, “बाथरूममध्ये पडले होते. कृणालची बारावी होती तेव्हा.” मुलगा म्हणाला, “आई, तू बोलली नाहीस?” त्या म्हणाल्या, “कुणी विचारलं नाही रे.” आणि पैठणीच्या पदराने डोळे टिपायला लागल्या. पोहे तसेच गार झाले. हेमांगीने आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन यायला सांगितलं, मग सध्यापुरतं कसं उठायचं-बसायचं ते दाखवलं, आणि बाईंनी तिचा हात धरून ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. आपण दोघींनी इतकी माणसं पाहिली, पण असं नीट कुणाकडे पाहिलं का गं? जाताना मामांनी मला बाजूला घेऊन पत्रिका पुढे केली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला हॉलमधला तो लाल कागद स्वतःभोवती गुंडाळून घ्यावासा वाटला.

तर झालं ते हे असं. कुणाचा अपमान केलेला नाही. मुलीची चाल मात्र बघायची राहून गेली, ती मी सांगते: ताठ आहे आणि पुढे जाणारी आहे.

तुझीच,
चेतना

ता.क. आज सकाळी कांजूरमार्गहून मुलाच्या आईचा फोन आला. मुलगी त्यांना फार पसंत आहे, म्हणूनच घाई नको म्हणतात. त्यांचे शब्द जसेच्या तसे: “सून झाली की ती माझ्या पाया पडेल, पायाकडे बघणार नाही. आधी शिकू दे तिला.” डॉक्टरांची वेळ त्यांनी घेतली आहे. सोबत कृणाल जाणार आहे.

ता.क. २. महत्त्वाचं राहिलंच. हेमांगीला अजूनही काही कळलेलं नाही. तिला वाटतं की माणसं तू प्रोजेक्टसाठीच पाठवलीस. (“किती छान तयार होऊन आली होती गं!”) शकुआजीला आपलं काम पटलं म्हणून ती घरभर गात फिरते आहे. मी तिला खरं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते खरं करणं तुझ्या हातात आहे. हरेश्वर माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. प्रवेशाची मुदत या शनिवारी संपते.

ता.क. ३. पत्राबरोबर पिशवी पाठवते. मऊ तळाचे बूट तुझे आहेत, सुनेला देऊ नकोस, तिचे वेगळे पाठवीन. लांब रबरी पट्टा हरेश्वरच्या खांद्याच्या व्यायामासाठी आहे, बर्फाचे कॅरेट बांधायला नाही. पत्रिका मामांनी घाईत माझ्याकडेच ठेवली, ती तुझ्या कपाटात राहू दे, कुणालाही देऊ नकोस. आणि पेढे आळीत सगळ्यांना वाट. लग्न ठरलं का विचारतील. चौथं वर्ष ठरलं म्हणून सांग.