दातांच्या खुर्चीत झोपवलेली गिटार

ती. आत्या,

नमस्कार. तुझे गुडघे आणि आतोबांचं मॅंडोलिन, दोन्ही कुरकुर न करता चालत असतील असं धरून चालते. (तारा दाबून आतोबांची बोटं दुखतात असं तू मागे म्हणाली होतीस. अजून दुखतात का? का विचारते ते पुढे कळेल.) इकडे आईची तब्येत ठीक आहे, माझी विचारू नकोस, आणि तुझे दादा इतके खुशीत आहेत की बघवत नाही.

बाबांनी दवाखाना बंद केला हे तुला माहीतच आहे. पण बंद केला म्हणजे पाटी उतरवली, एवढंच. खुर्ची, दिवा, चिमटे सगळं पुढच्या खोलीत जागच्या जागी आहे आणि बाबा रोज सकाळी हात धुऊन तिथे जाऊन बसतात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. दातांचा रिकामा डॉक्टर काय करतो ते कुणी सांगून ठेवलेलं नाही, नाहीतर मी वेळीच सावध झाले असते. आईच्या शिवणयंत्रावर आणि दाराच्या बिजागरीवर त्यांनी चिमटे चालवले तेव्हा मी हसले होते. आता हसत नाही.

परवा कामावरून आले तर पुढच्या खोलीतला मोठा दिवा लागलेला. मला वाटलं, कुणी जुना पेशंट अडून बसला असेल. आत डोकावले. खुर्चीत माझी बेस गिटार उताणी झोपवलेली होती, तिच्या गळ्याशी पेशंटला बांधतात तो रुमाल बांधलेला होता, आणि शेजारच्या ट्रेमध्ये कापसावर तिच्या गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, एकूण एक ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. उपटलेल्या. आत्या, दाराची चौकट धरून मी उभी राहिले आणि बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘एकही तुटली नाही, बघ. मुळासकट आल्या.’’

झालं होतं असं की मी कधीतरी जेवताना बोलून गेले होते, या पट्ट्या नसत्या तर सूर कसा घसरत, गात नेता आला असता. बोलायला काय जातं? मी तर चंद्रावर जायचंही बोलते. शिवाय बाबा माझं बोलणं ऐकतात हेच मला ठाऊक नव्हतं. (माझं वाजवणं तर त्यांनी आजवर एकदाही ऐकलेलं नाही; आमचा कार्यक्रम असला की त्यांच्या दवाखान्यात कुणाची तरी दाढ सुजायची.) पण हे मात्र ऐकलं, लक्षात ठेवलं आणि करून मोकळे झाले. पट्ट्यांच्या खाचाही त्यांनी दात भरायच्या मसाल्याने भरल्या, आणि रंग माझ्या पुढच्या दातांशी जुळवून घेतला. आई म्हणाली, किती सुबक भरलंय! आईचाही माझ्या बाजूने उपयोग नाही.

आता खरी गोम अशी की पट्ट्या गेल्या, तारा मात्र होत्या तिथेच राहिल्या. म्हणजे तारांखाली तेवढी पोकळी वाढली. तार दाबून लाकडापर्यंत न्यायची म्हणजे बोटांची सालं निघतात, आणि पोचेपर्यंत बाकीचा बँड पुढच्या ओळीत गेलेला असतो. शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. मोठं सभागृह, पहिल्यांदाच. दुसरी गिटार माझ्याकडे नाही. हे मी रडत सांगितलं तर बाबांनी शांतपणे विचारलं, ‘‘उंच लागतंय होय?’’ जणू मी नवी कवळी घालून बसले आहे.

मग दोन दिवस तारा खाली आणायचे प्रयोग चालले. गिटारच्या पोटावर तारा पेलणाऱ्या घोडीचे स्क्रू पिळून पिळून तळाला टेकवले, डोक्याकडे तारा बसतात त्या खाचा दात घासायच्या कानशीने खोल केल्या. तार कुठे टेकते ते बघायला दाताखाली धरतात तो निळा कागद तारांखाली धरला आणि मला म्हणाले, ‘‘वाजव.’’ तरीही तारा उंचच. शेवटी त्यांनी कुठूनसं शोधून काढलं की गळा जिथे धडात बसतो त्या खाचेत एक पातळ तुकडा घातला की गळा किंचित मागे कलतो आणि तारा खाली येतात. बाबांनी कुणाच्यातरी दाढेच्या जुन्या एक्स-रेचा तुकडा कापून घातला. गळा कलला. तारा आणखी वर गेल्या, इतक्या की खालून चमचा आडवा जावा. मी बाबांशी बोलणं टाकलं आहे, आणि त्यांना ते अजून कळलेलं नाही.

आतोबांना नमस्कार. कळावे.

अजून बधिर असलेली,
तुझी भाची

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. तुझी दाढ ठणकते असं बाबांना कळव. दुसऱ्या कुणाला तू दात दाखवलेले त्यांना खपणार नाही, लगेच निघतील. तेवढ्यात मी गिटार वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे पोचवते.

ता. क. दुसरा. दाढ दुखवू नकोस. आज सकाळी गिटार उचलून न्यायला गेले तर बाबा गळा सोडवून बसले होते, चेहरा उतरलेला. जवळ जाऊन पाहिलं तर तो तुकडा खाचेच्या मागच्या टोकाऐवजी पुढच्या टोकाला. तोंडातला छोटा आरसा घालून, त्यात बघत बसवला होता! वरच्या दाढांना त्यांचा हात आरशाप्रमाणे आपोआप उलटा चालतो. गिटारला वरच्या दाढा नसतात, हे कुणी सांगायचं? मी बॅटरी धरली, त्यांनी तुकडा मागे सरकवला, आवळलं. तारा खाली आल्या. मी वाजवलं आणि सूर खरंच गात गेला, आत्या. बाबा पेशंटच्या खुर्चीत डोळे मिटून पडले आणि मी थांबेपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, ‘‘अजून उंच लागतंय का?’’ जाड तार उंच लागते आहे अजून जराशी. मी म्हटलं, नाही. शनिवारी ते पहिल्या रांगेत बसणार आहेत.

ता. क. तिसरा, आणि तातडीचा. बाबा आत्ताच विचारून गेले, आतोबांची बोटं मॅंडोलिनवर दुखतात ना? रविवारी तुमच्याकडे निघताहेत. बॅगेत कपडे कमी आणि चिमटे जास्त आहेत. मॅंडोलिन माळ्यावर टाका, आणि त्यांनी विचारलंच तर आतोबांना म्हणावं, काही दुखत नाही. बाबांच्या खुर्चीतून आजवर सगळे असंच सांगून उठले आहेत.